पैसे ‘चुकवले’ म्हणजे दिले की बुडवले?

काही वर्षांपूर्वी उल्हासनगरात मी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग घेत असे. दिवसभर दुकानात नाहीतर कारखान्यात राबून आलेली मुले समोर बसत. एकदा भाषांतराला साधे वाक्य दिले : ‘माझ्या बोलण्याकडे लक्ष द्या.’ जवळजवळ सगळ्यांनी ‘गिव्ह अटेन्शन’ लिहिले. मी ते खोडून फळ्यावर ‘पे अटेन्शन’ असे लिहिले. मागच्या बाकावर कापडाच्या दुकानात काम करणारा एक मुलगा बसायचा. तो म्हणाला, ‘‘सर, इंग्रजांना लक्ष द्यायलाही पैसे पडतात का?’’

वर्ग हसला, मीही हसलो. पण उत्तर काही देता आले नाही. ‘इंग्रजीत असेच म्हणतात’ असे मास्तरी उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. घरी जाताना गाडीत मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना.

खरेच, इंग्रज माणूस किती गोष्टी ‘पे’ करतो पाहा. लक्ष पे करतो, भेट पे करतो, आदर पे करतो, कौतुकही पे करतो. मनात नसताना नुसती तोंडदेखली भाषा केली, तर तो ‘लिप सर्व्हिस’ पे करतो. आपण या सगळ्याला देणे आणि करणे या दोन क्रियापदांत भागवतो. उलट खरे पैसे द्यायची वेळ आली की मराठी माणसाची तिजोरी उघडते. आपण फी भरतो, कर्ज फेडतो, हिशेब चुकता करतो, देणी भागवतो, किंमत मोजतो. त्यातले एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ‘कर्ज मोजले’ आणि ‘फी फेडली’ असे कोणी म्हणणार नाही. परक्या माणसाला मराठी शिकवताना हे समजावणे जितके कठीण, तितकेच आपल्या मुलाला ‘पे’ आणि ‘पे फॉर’ यांतला फरक समजावणे कठीण. दुकानदाराला पे करायचे, पण पुस्तकासाठी ‘पे फॉर’ करायचे. ‘आय पेड द बुक’ लिहिणाऱ्या मुलाने, इंग्रजीच्या हिशेबाने, पुस्तकाच्याच हातावर पैसे ठेवलेले असतात!

शब्दकोश उघडला तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ‘पे’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे शांतता. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ शांत करणे, समाधान करणे. ज्याचे देणे लागतो त्याचे समाधान करणे, हा ‘पे’चा जुना अर्थ. धनको दारात उभा आहे, त्याला शांत करून परत पाठवायचे आहे. पैसा हे त्याचे साधन. लक्ष, भेट, आदर यांचेही आपण कोणाचे तरी देणे लागतो आणि ते देऊन त्या माणसाचे समाधान करतो. म्हणून तिथेही ‘पे’.

मग वाटले, आपल्या बोलण्यातले पैसे देण्या-घेण्याचे शब्द असे उलगडून पाहिले तर काय दिसेल? त्यासाठी लांब जायला नको. कल्याणला बदलापूरची लोकल पकडावी. कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ मध्ये आली आणि बदलापूरवरून पुढे खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये गेली. या जुन्या मार्गावरची उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे शेजारी असली तरी तिघांची पैशांची बोली वेगवेगळी आहे.

पहिले उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या. १९४७ ची फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीची आठवण अजून पत्त्यात आहे. इथला माणूस आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असाच पत्ता सांगतो.

वर्गातल्या एका मुलाचे आजोबा एकदा भेटायला आले. सिंधहून तरुणपणी आलेले, फर्निचरचे दुकान उभे केलेले गृहस्थ. आवर्जून मराठीत बोलत. अभिमानाने म्हणाले, ‘‘मास्तरसाहेब, आम्ही हात हलवत आलो. पण या बाजारात मी सगळ्यांचे पैसे चुकवले. एकाचेही सोडले नाहीत!’’

मी दचकलोच. मग लक्षात आले की ते हिंदीतले ‘चुकाना’ मराठीत आणत होते. हिंदीत ‘कर चुकाना’ म्हणजे कर भरणे. मराठीत ‘कर चुकवणे’ म्हणजे कर बुडवणे. धातू तोच, पण मधली सीमा ओलांडली की सज्जनाचा लबाड होतो. मी म्हणालो, ‘‘साईं, मराठीत चुकते केले म्हणा, चुकवले म्हणू नका.’’ ते मनापासून हसले आणि म्हणाले, ‘‘एका अक्षरात माझी पत घालवली की हो तुमच्या भाषेने!’’

हा घोटाळा केवळ त्या आजोबांचा नाही. अलीकडे आपल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवरही ‘याची किंमत चुकवावी लागेल’ असे वाक्य सर्रास येते. मराठीत किंमत मोजावी लागते. किंमत चुकवली तर ती कोणी दिलीच नाही असा अर्थ होईल. मराठीत ‘चुकते’ आणि ‘चुकवणे’ ही दोन भावंडे एका घरात राहतात. एक व्यवहार पुरा करते, दुसरे वाट चुकवून निघून जाते. दोघांत गल्लत करून चालत नाही.

त्या आजोबांच्या वाक्यामागे एक मोठा इतिहास आहे. निर्वासित रिकाम्या हातांनी आले हे आपण ऐकलेले असते. पण कित्येकांच्या डोक्यावर कर्ज होते, हे लक्षात येत नाही. कराचीत किंवा हैदराबाद-सिंधमध्ये व्यापारासाठी घेतलेले पैसे फेडायचे राहिलेले. ज्या दुकानाच्या भरवशावर पैसे घेतले ते दुकान सीमेपलीकडे राहिले, आणि ज्याच्याकडून घेतले तो मात्र कधीकधी याच छावणीत शेजारच्या बराकीत! त्याचेही सगळे गेलेले. अशा वेळी कोणी कोणाचे काय देणे लागतो?

हा प्रश्न सोडवण्यासाठी संसदेने १९५१ मध्ये विस्थापितांच्या कर्जांच्या तडजोडीचा स्वतंत्र कायदा केला. विस्थापिताच्या कर्जावर १५ ऑगस्ट १९४७ पासून व्याज चढणार नाही, असे त्यात ठरले. कर्जदाराची फेडण्याची ऐपत किती हे न्यायाधिकरणाने पाहावे आणि त्याप्रमाणे कर्ज कमी करावे, हप्ते बांधून द्यावेत, अशीही सोय होती. म्हणजे ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला त्या दिवशी निर्वासिताचे व्याज थांबले. अशा परिस्थितीतून उभा राहिलेला माणूस ‘मी सगळ्यांचे दिले’ असे म्हणतो, तेव्हा ते वाक्य बढाईचे नसते. सगळे गेल्यावर त्याच्याजवळ उरलेली एकच पुंजी तो सांगत असतो. तिला आपण पत म्हणतो. पत म्हणजे अब्रू, आणि पत म्हणजे उधार मिळण्याची लायकी. मराठीने दोन्हींना एकच शब्द ठेवला आहे. इंग्रजीतले ‘क्रेडिट’ही विश्वास ठेवणे या लॅटिन शब्दावरूनच आले.

सिंधच्या व्यापाऱ्यांना पत हा शब्द शिकवायला नको होता. तिथल्या शिकारपूर गावचे सराफ हुंडीच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या हुंड्या मध्य आशियातल्या बुखाऱ्यापर्यंत चालत. मुंबईच्या बाजारात या सराफांना ‘मुलतानी’ म्हणत. हुंडी म्हणजे एका गावी पैसे भरून घेतलेली चिठ्ठी. दुसऱ्या गावच्या पेढीवर ती दाखवली की पैसे मिळत. दाखवताच पैसे देणारी ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी देणारी ती मुदती. मुदतीआधीच पैसे हवे असले तर सराफ आपला वटाव कापून पैसे देई. १८८१ मध्ये इंग्रजांनी चेक आणि वचनचिठ्ठ्यांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतल्या हुंड्यांच्या बाजारातल्या चालीरीतींना त्यांनी हात लावला नाही.

हुंडी गेली, पण तिची भाषा राहिली. आज आपण चेक ‘वटला’ म्हणतो, तो शब्द हुंडीच्या बाजारातला. इंग्रजीत चेक ‘ऑनर’ होतो, म्हणजे त्याचा मान राखला जातो. न वटलेला चेक ‘डिसऑनर’ होतो, त्याचा अवमान होतो. इथेही अब्रूचाच प्रश्न. पुढे नुसत्या अब्रूवर भागेना, म्हणून १९८९ पासून खात्यात पैसे नसताना दिलेला चेक न वटणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला.

हुंडीच्याच घरातला आणखी एक शब्द आपण रोज वापरतो आणि त्याचे कुळ विसरलो आहोत. तो म्हणजे शहाजोग. हुंडीचा एक प्रकार ‘शाहजोग’ होता. तिचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत. बाजारात ज्याचे नाव आहे, ज्याला सगळे ओळखतात अशा ‘शाह’लाच ते द्यायचे. म्हणजे हुंडी चोरीला गेली तरी चोराच्या उपयोगाची नाही. शाहजोग, म्हणजे शाहला देण्याजोगी. आणि आज? ‘काय शहाजोगपणा करतोस!’ असे म्हणतो, तेव्हा सभ्यपणाचा आव आणणारा लबाड आपल्या डोळ्यांसमोर असतो. खऱ्या शाहचे सोंग घेऊन पेढीवर येणारे किती असतील, त्याशिवाय शब्दाची अशी गत झाली नसती!

पुढचे स्टेशन अंबरनाथ. इथले शिवमंदिर सगळ्यांना माहीत आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे हे काम. मंदिरावरच्या लेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष आहे आणि मुम्मुणी राजाचे नाव आहे. शेजारून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरातून जाते.

या शिलाहारांच्या लेखांत एका नाण्याचे नाव येते : द्रम्म. हा द्रम्म मूळचा ग्रीकांचा. त्यांचे ‘द्राख्मा’ हे नाणे वायव्येकडून भारतात आले, संस्कृतात त्याचे द्रम्म झाले आणि पुढे दाम. मुसलमानी अमदानीत दाम हे तांब्याचे नाणे झाले. त्याची आणखी चिल्लर झाली ती दमडी. मोडकी दमडी, दमडीचाही फायदा नाही, दाम करी काम, हे सगळे शब्द त्या ग्रीक नाण्याची नातवंडे-पतवंडे आहेत.

यातले एक अपत्य फार महत्त्वाचे आहे, ते म्हणजे दामदुप्पट. आज हा शब्द कुठे दिसतो? ‘अमुक महिन्यांत दामदुप्पट’ अशा जाहिरातीत, किंवा त्या योजनेत बुडालेल्यांच्या बातमीत. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे या एका शब्दाच्या मागे लागून गेलेली घरे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतील.

मूळ शब्दाचा अर्थ बरोबर उलटा होता. दामदुप्पट हा आपल्या जुन्या धर्मशास्त्रातला, कर्जदाराला वाचवणारा नियम. सावकाराने शंभर रुपये दिले आणि कितीही वर्षे लोटली, तरी एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. शंभराचे फार तर दोनशे. तिथे व्याजाने थांबायचे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हा नियम हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही, न्यायालयाने मुद्दलापेक्षा जास्त व्याजाचा हुकूम देऊ नये, असे कलम आले. दामदुप्पट म्हणजे सावकाराला घातलेले कुंपण होते. त्या कुंपणाच्या फळ्या काढून कोणीतरी त्यांचे आमिष केले आणि आपण त्याला फसलो, कारण शब्द ओळखीचा होता. जुना अर्थ लोकांच्या लक्षात राहिला असता, तर ‘दुप्पट हा तर वसुलीतला शेवटचा टप्पा, हा मला तो सुरुवातीलाच कसा देतो?’ असा प्रश्न एखाद्याला तरी पडला असता.

अंबरनाथचा दुसरा चेहरा कारखान्यांचा. १९२०च्या दशकात इथे विमको कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचा दारूगोळ्याचा कारखाना आला, मग औद्योगिक वसाहत. शेतावर राबणाऱ्याला धान्य मिळे, कारागिराला बलुते मिळे. कारखान्यातल्या माणसाला मिळू लागला पगार. आता पगार हा शब्द आपल्याला किती घरचा वाटतो! तो पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज भाषेत ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. तो आला त्याच लॅटिन शब्दावरून, ज्यावरून इंग्रजांचा ‘पे’ आला. म्हणजे पगार आणि पे ही सख्खी भावंडे. एक गोवा-वसईच्या वाटेने आपल्या घरात आधीच येऊन बसले, दुसरे दोन-अडीचशे वर्षांनी शाळेच्या पुस्तकातून आले. ‘पे-स्लिप’ला ‘पगारपत्रक’ म्हणताना आपण लॅटिनचे लॅटिनमध्येच भाषांतर करत असतो.

पगार रोख पैशांत आणि वेळेवर मिळावा यासाठीही झगडावे लागले. इंग्लंडमध्ये एके काळी मालक मजुरीऐवजी आपल्याच दुकानातला माल मजुरांच्या माथी मारत. अशा अदलाबदलीला तिकडे ‘ट्रक’ म्हणत. १८३१ पासून त्याविरुद्ध कायदे झाले. ‘आय विल हॅव नो ट्रक विद हिम’ या वाक्प्रचारात तोच ट्रक आहे. माझा त्याच्याशी काही देण्या-घेण्याचा संबंध नाही, असा त्याचा अर्थ. वर्गात एकाने त्याचे भाषांतर ‘मी त्याच्या ट्रकमधून जाणार नाही’ असे केले होते! आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांत आणि ठरलेल्या मुदतीत द्यावी, असा दंडक घातला. एक हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात पुढच्या महिन्याच्या सात तारखेपूर्वी पगार व्हायला हवा होता. चाळीतल्या कितीतरी घरांचा किराणा, दूध आणि भाडे त्या सात तारखेवर ठरत असे.

पगाराला इंग्रजीत ‘सॅलरी’ असाही शब्द आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले मीठ आहे. म्हणून ‘वर्थ हिज सॉल्ट’ म्हटले की आपल्याला लगेच ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ आठवते आणि भाषांतर चुकते. इंग्रजीतला माणूस मिठाला लायक असतो, म्हणजे घेतलेल्या पगाराइतके काम त्याला येते. आपला माणूस मिठाला जागतो, म्हणजे तो बेइमान होत नाही. एक कामाचा हिशेब आहे, दुसरा निष्ठेचा. कामात हुशार पण बेइमान माणूस इंग्रजी मिठाला लायक ठरेल, मराठी मिठाला नाही.

अशा फसव्या जोड्या आणखी आहेत. ‘आउट ऑफ पॉकेट’ म्हणजे खिशाबाहेरचे, न परवडणारे, असे मुले समजतात. त्याचा अर्थ पदरमोड झाली. आपला खिसा नंतरचा. आधी बाई पदराच्या गाठीला पैसे बांधत असे आणि पुरुष धोतराच्या कनवटीला. म्हणून आपण पदरचे घालतो आणि ‘गाठीला चार पैसे असू द्यावेत’ म्हणतो. ‘फुट द बिल’ म्हणजे बिलाला लाथ मारणे नव्हे. हिशेबाच्या पानाच्या तळाशी बेरीज मांडणे, आणि पुढे सगळा खर्च उचलणे. ‘रॉबिंग पीटर टु पे पॉल’ म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर. ‘पे थ्रू द नोज’ म्हणजे अव्वाच्या सव्वा पैसे मोजणे. कोणी जुन्या नाककराची गोष्ट सांगतात, पण तिला पुरावा नाही. नाक दाबून तोंड उघडायची विद्या आपल्यालाही ठाऊक आहे, पण तिच्यात जबरदस्ती आहे. इंग्रज आपल्या पायाने जाऊन नाकातून पैसे देतो.

आपले आकडेही असेच. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै होत. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे, म्हणजे चार आण्यांचे नाणेही चलनातून गेले. पण गोष्ट सोळा आणे खरी असते, चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लागतो आणि प्रामाणिक माणूस पै न पै चुकती करतो. रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भागसुद्धा ठेवला नाही, असे त्या वाक्याचे वजन आहे. त्याऐवजी ‘पैसा न पैसा’ म्हणून पाहा, अर्थ तोच राहील पण वजन निम्म्यावर येईल.

शेवटचे स्टेशन बदलापूर. इथे शिवाजी महाराजांचे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असे लोक सांगतात. ती दंतकथा असो, पण ‘बदल’ या अरबी शब्दाच्या कुळातला एक शब्द या बाजूच्या गावांना चांगला ठाऊक आहे, तो म्हणजे मोबदला. धरणाला, कारखान्याला, रस्त्याला जमीन गेली की हा शब्द गावात येतो. मोबदला म्हणजे बदल्यात दिलेले. पण जमिनीच्या बदल्यात पैसे आणि पैशांच्या बदल्यात जमीन, हे दोन व्यवहार कधी सारखे होत नाहीत, हे ज्याची गेली त्याला विचारावे.

गावाबाहेर वांगणी-कर्जतच्या बाजूला कातकरी, ठाकूर यांच्या वाड्या आहेत. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. जाण्याआधी मालकाकडून ‘उचल’ घेतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, दुखणे असते, लग्न असते. ती उचल हंगामभर विटा पाडून फेडायची. हंगाम संपला, हिशेब झाला आणि पैसे उरले, तर म्हणतात, ‘‘यंदा पाच हजार अंगावर राहिले.’’ म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर.

‘अंगावर राहिले’ हा मराठीतला फार खरा वाक्प्रचार आहे. आपण मध्यमवर्गीय ‘डोक्यावर कर्ज आहे’ म्हणतो. आपले कर्ज चिंतेचे, म्हणून डोक्यावर. मजुराचे कर्ज अंगावर, कारण ते त्याला अंगानेच फेडायचे असते. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर १९३९ मध्ये अहवाल दिला. त्यात ठाणे जिल्ह्यातल्या ‘लग्नगड्यां’ची हकिकत आहे. लग्नासाठी थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे, कधी जन्मभर राबायचे. ते कर्ज फिटत नसे. त्यांना वाचता येत नव्हते आणि वही सावकाराकडे होती.

ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला. अशा बंधनातले कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपली, असे त्यात म्हटले आहे. कायदा चांगला आहे. पण उचल आणि ‘अंगावर’ हे शब्द अजून बोलीत आहेत, आणि जे शब्द बोलीत राहतात त्यांच्यामागे बहुधा व्यवहारही राहिलेला असतो.

याच बोलीतला ‘फेडणे’ हा शब्द पाहा. फेडणे म्हणजे सोडवणे, गाठ मोकळी करणे. नेसलेले फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात, तसेच कर्ज फेडतात. कर्ज ही गाठ आहे आणि ती सुटली की माणूस मोकळा. आणि गंमत अशी, की ‘सॉल्व्हंट’ म्हणजे कर्ज फेडू शकणारा, ‘इन्सॉल्व्हंट’ म्हणजे दिवाळखोर, हे इंग्रजी शब्द ज्या लॅटिन धातूवरून आले, त्याचाही अर्थ सोडवणे, सैल करणे हाच आहे. बदलापूरजवळच्या भट्टीवरचा कातकरी आणि रोमचा नागरिक, दोघांनाही कर्ज फेडणे म्हणजे गाठ सोडणे वाटले, कारण न फेडणारा माणूस दोन्हीकडे बांधला जात होता.

तेव्हा इंग्रजी वाक्प्रचार बरोबर वापरायचे असतील तर शब्दाला शब्द ठेवू नये. कोण कोणाचे देणे लागतो, कशापायी लागतो, आणि दिल्यावर कोण मोकळा होतो, हे आधी पाहावे. मराठी वाक्प्रचारांनाही हाच नियम. चुकवणे म्हणजे चुकते करणे नव्हे, दामदुप्पट म्हणजे नफा नव्हे, शहाजोग म्हणजे शाह नव्हे. हे तीन अर्थ मुलांना सांगितले तरी त्यांचे पुढे पुष्कळ पैसे वाचतील.

आता २०१६ पासून मोबाइलवरून पैसे जाऊ लागले आणि नवी क्रियापदे आली. भाजीवाल्या मावशींना आपण म्हणतो, ‘‘मावशी, टाकले बघा!’’ पैसे टाकायचे, पाठवायचे, सोडायचे. मोजायचे मात्र नाहीत. त्यांच्या पेटीतून आवाज येतो, तोवर आपण पाठ फिरवलेलीही असते. कधी तो आवाज येत नाही आणि मावशी मागून हाक मारतात. तेव्हा थांबावे. पैसे गेले एवढ्याने व्यवहार पुरा होत नाही. समोरच्याचे समाधान झाले की तो पुरा होतो, आणि ‘पे’चा मूळ अर्थ तोच आहे.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हे उत्तर त्या दिवशी दिले नाही. ते देणे माझ्याकडे राहून गेले होते. आज ते चुकते केले, असे समजतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)